जिवंत बियांचा प्रवास : दुर्मिळ पाम घरी रुजवण्याचा इतिहास

पामच्या कुळात सुमारे २,६०० जाती आहेत. माड, पोफळ, ताड आणि भेरली माड या कोकणातल्या ओळखीच्या जाती त्याच कुळातल्या. यांतल्या बहुतेकांना एकच खोड असते आणि ते टोकावरच्या एका कोंबाने वाढते. त्यामुळे कलम बांधता येत नाही, फांदी लावता येत नाही. खजुरासारख्या काही जाती बुंध्याशी फुटवे देतात, म्हणून त्यांची लागवड हजारो वर्षे फुटव्यांवर चालत आली. बाकीच्यांना बी हाच मार्ग आहे.

या बियांचा स्वभाव मात्र धान्यासारखा नाही. भाताचे बियाणे वाळवून कणगीत ठेवले की पुढच्या पावसाळ्यात ते उगवते. दमट जंगलात वाढणाऱ्या बहुसंख्य पामांचे बी वाळले की मरते. त्याच्या आतला गर्भ अगदी लहान असतो, आणि फळ गळून पडल्यावरही त्याचा श्वास चालू राहतो. काही जातींत हा गर्भ दोन-तीन आठवडे जगतो, काहींत काही महिने. म्हणून दूर देशाचा दुर्मिळ पाम घरी वाढवण्याचा इतिहास हा मुख्यतः बी जिवंत पोहोचवण्याचा इतिहास आहे. गेल्या अडीचशे वर्षांत प्रवासाचे दिवस घटत गेले. रुजायला लागणारा काळ मात्र होता तेवढाच राहिला.

पामचे बी रुजते कसे, याचे पहिले पद्धतशीर वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश फिलिप फॉन मार्टियस याने केले. ब्राझीलमध्ये तीन वर्षे हिंडून आल्यावर १८२३ पासून त्याने पामांवरचा तीन खंडांचा ग्रंथ क्रमाक्रमाने प्रसिद्ध केला. रुजण्याच्या दोन मुख्य तऱ्हा त्याने वेगळ्या केल्या. माड आणि पोफळ यांचा कोंब बियांना लागूनच वर येतो. ताड, खजूर आणि त्यांच्यासारख्या जातींत बीजपत्राचा देठ नळीसारखा लांब होत जमिनीत शिरतो, गर्भाला बियांपासून दूर, खोल नेऊन ठेवतो आणि कोंब तिथून वर येतो. दोन्ही तऱ्हांत बीजपत्राचे टोक बियांच्या आतच राहते आणि साठवलेले अन्न शोषून रोपाला पुरवते. कोंब आलेला नारळ फोडला की आत जो गोड, स्पंजासारखा गोळा सापडतो तो हाच शोषक भाग. हे अन्न महिनोन्‌महिने पुरते, म्हणून लहान रोपाला चिकटलेले बी तोडू नये, असे माळी सांगतात. दुसऱ्या तऱ्हेच्या जातींना उथळ कुंडी चालत नाही, हेही मार्टियसच्या या भेदातूनच कळते. आजही बी हाती आले की पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : कोंब बियांजवळ येणार की दूर?

दूर जाणाऱ्या कोंबाचे टोकाचे उदाहरण म्हणजे दर्याचा नारळ. दुर्मिळ पामांच्या इतिहासाची सुरुवातही त्याच्यापासूनच करावी लागते. मराठीत त्याला जहरी नारळ असेही म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानांत त्याचा वाळलेला, दगडासारखा कठीण गर मिळत आला आहे, आणि साधू-फकिरांची कमंडलू व भिक्षापात्रे त्याच्या कवटीपासून बनत. शतकानुशतके हा नारळ लोकांच्या हातात होता, पण त्याचे झाड कुणी पाहिलेले नव्हते. जुळ्या खोबणीची ही प्रचंड कवटी मालदीवच्या किनाऱ्याला वाहत येई. तिथल्या राजाचा तिच्यावर हक्क असे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जहाज फुटून मालदीवमध्ये अडकलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने हे नोंदवले आहे.

या नारळाची सर्वांत महत्त्वाची जुनी छापील नोंद गोव्यातली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मालदीवच्या नारळाबद्दल लोकांत चालणारी समजूत त्याने त्यात दिली आहे. ही बेटे पूर्वी मोठ्या भूभागाचा भाग होती, तो भाग समुद्रात बुडाला, माडही बुडाले आणि त्यांचीच फळे आता वर येतात, अशी ती समजूत. पुढे अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसनेही झाड समुद्रतळावर उगवते असेच मानले. विषावरचा उतारा म्हणून युरोपातल्या राजघराण्यांत या कवटीला मोठी किंमत होती. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्यासाठी १६०२ मध्ये प्राग येथे चांदीने मढवलेला असा एक नारळ आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे.

इतकी किंमत असूनही हा नारळ कुणाला रुजवता आला नाही. त्याचे कारण बियांतच आहे. दर्याच्या नारळाचे ताजे, जिवंत बी इतके जड असते की ते समुद्रात बुडते. आतला गर कुजून पोकळी झाल्यावरच ते तरंगते. म्हणजे मालदीवला, कोकणाला किंवा श्रीलंकेला वाहत आलेला प्रत्येक नारळ मेलेलाच असे. समुद्राने हे बी दूरदूर पोहोचवले, पण कुठल्याही दुसऱ्या किनाऱ्यावर त्याचे झाड उभे राहिले नाही. सेशेल्समधल्या प्रालँ आणि क्युरियूज या दोन बेटांवरच ते नैसर्गिकरीत्या वाढते.

१७६८ मध्ये मॉरिशसहून निघालेल्या मारियों द्युफ्रेनच्या मोहिमेतील बारे नावाच्या माणसाला प्रालँ बेटावर ही झाडे सापडली. त्यानंतर थोड्याच काळात नारळांनी भरलेले जहाज भारताच्या बाजारात आले आणि भाव कोसळला. त्याच सुमारास मॉरिशसमध्ये पिएर प्वाव्र याने पॅम्पलमूस येथील बाग उभी केली होती. जिवंत बी पहिल्यांदाच थोड्या दिवसांच्या प्रवासात बागेपर्यंत आणणे आता शक्य झाले.

रुजवणे तरीही सोपे नव्हते, आजही नाही. बी वीस किलोच्या आसपास भरते, वनस्पतिसृष्टीतले सर्वांत मोठे. फळ झाडावर पिकायला सहा-सात वर्षे लागतात. खाली पडल्यावर काही महिने काहीच घडत नाही. मग दोन खोबणींच्या मधून जाड दोरासारखा देठ बाहेर येतो आणि जमिनीखालून काही मीटर चालत जातो. त्याच्या टोकाशी रोप उगवते. मोठ्या झाडाच्या सावलीखालून आणि भाऊबंदांच्या गर्दीतून रोपाला बाहेर नेण्याची ही सोय आहे. बागेत मात्र ती अडचण ठरते. बी कुंडीत पुरले तर देठ तळाशी आपटून वेडावाकडा होतो. म्हणून बी मातीवर आडवे ठेवून देठासाठी खाली खोल, भुसभुशीत जागा करतात, आणि एकदा देठ निघाला की बी हलवत नाहीत. कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये लावलेले झाड असेच जगले. त्याला फूल यायला सुमारे ९४ वर्षे लागली. नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे ते मादी आहे हे तेव्हाच कळले. जवळपास नर झाड नव्हते. अखेर थायलंडहून आणलेल्या परागांनी हाताने परागीकरण केल्यावर २०१३ मध्ये त्याला फळ धरले. बी पेरणाऱ्याने फळ पाहायची अपेक्षाच ठेवू नये, अशी ही जात आहे. तरीही ती लावणारे लोक प्रत्येक पिढीत निघाले.

अठराव्या शतकात बी जिवंत नेण्याचे उपाय म्हणजे मेणाचा लेप, वाळू, मातीचे थर आणि नशीब. १७७० मध्ये लंडनच्या जॉन एलिस याने पूर्वेकडून बिया आणि रोपे आणण्याच्या सूचनांची पुस्तिका छापली. तिच्यात हवेशीर पेट्यांचे आराखडे होते आणि बियांवर वेगवेगळे लेप देऊन पाहण्याचा आग्रह होता. पण उघड्या डेकवर खारे पाणी उडे, गोड्या पाण्यावर खलाशांचा हक्क पहिला असे, आणि रोपे वाटेतच जात. अडचण सुटली ती लंडनचा डॉक्टर नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड याच्या काचपेटीने. १८२९ मध्ये पतंगाचा कोश जपण्यासाठी त्याने बंद बाटलीत ओली माती ठेवली होती. त्या मातीत एक नेचा आणि गवत उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. १८३३ मध्ये अशा दोन बंद काचपेट्या जहाजाने सिडनीला गेल्या आणि आतली रोपे ताजी पोहोचली.

पामसाठी या पेटीचा खरा उपयोग रोपे नेण्यापेक्षा बी पेरून नेण्यात झाला. महिनाभर जगणारे बी तीन महिन्यांच्या प्रवासात मरणारच. तेच बी जहाज सुटण्यापूर्वी पेटीतल्या ओल्या मातीत टाकले, तर प्रवासाचे दिवस रुजण्याचे दिवस होतात आणि बंदरात रोपे उतरतात. माळीकामाच्या इतिहासात यापेक्षा मोठे नाव मिळवलेले शोध आहेत, पण इतका साधा आणि इतका परिणामकारक उपाय क्वचितच सापडेल.

थोड्या रोपांनी किती फरक पडू शकतो, हे तेलमाडाने दाखवले. १८४८ मध्ये जावातल्या बोगोर येथील बागेत पश्चिम आफ्रिकेच्या या पामची चार रोपे लागली. दोन अॅम्स्टरडॅमहून आली होती, दोन हिंदी महासागरातल्या बेटांच्या वाटेने. त्या चारांचे बी वाटले गेले, सुमात्रातल्या तंबाखूच्या मळ्यांत रस्त्याकडेची शोभा म्हणून लावले गेले, आणि १९११ पासून त्याच वंशावर आग्नेय आशियातला तेलमाडाचा धंदा उभा राहिला. त्यासाठी जंगलांनी दिलेली किंमत हा वेगळा आणि दुःखद विषय आहे.

युरोपात हा छंद आधी श्रीमंतांचा होता. लंडनजवळ हॅकनी येथे लॉडिजेस घराण्याच्या रोपवाटिकेत वाफेने तापवलेल्या काचघरात पामांचा मोठा संग्रह होता. वॉर्डच्या पहिल्या पेट्या सिडनीला पाठवण्यात याच घराण्याची मदत झाली होती. क्यू उद्यानातले पामगृह १८४४ ते १८४८ या काळात बांधले गेले. चिलीहून १८४३ मध्ये मिळवलेल्या बियांपासून वाढवलेला एक चिली पाम क्यूच्या काचघरात २०१४ पर्यंत होता आणि अखेरीस छताला टेकला होता. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात मात्र असले वृक्ष मावणारे नव्हते. थंडी, अंधार, कोळशाचा धूर आणि गॅसच्या दिव्यांची हवा सोसणारा पाम हवा होता. तो मिळाला ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरच्या एका लहान बेटावर.

लॉर्ड हाऊ बेट जेमतेम ११ किलोमीटर लांबीचे आहे. १८३४ पासून तिथे वस्ती होती. देवमासे मारणाऱ्या जहाजांना अन्नपाणी विकणे हा तिचा आधार. १८७० च्या आसपास तो धंदा बसला आणि बेट उपाशी पडायची वेळ आली. नेमक्या त्याच काळात, १८६९ मध्ये, सिडनी उद्यानाचा संचालक चार्ल्स मूर बेटावर गेला आणि तिथले पाम त्याच्या नजरेत भरले. १८७० मध्ये फर्डिनांड फॉन म्युलर याने त्यांतल्या दोन जातींचे वर्णन केंटिया या नावाखाली केले. इटालियन अभ्यासक बेकारी याने १८७७ मध्ये त्यांना होवेआ या नव्या प्रजातीत टाकले. व्यापारात मात्र केंटिया हेच नाव टिकले आणि पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांतही तेच चालते.

केंटियाच्या बियांनी बेटाला नवे पोट दिले. फळ झाडावर पिकायला चारेक वर्षे लागतात. माणसे पायांना पट्टा अडकवून गुळगुळीत खोडांवर चढत, घड उतरवत आणि सोललेले बी पोत्यांत भरत. सिडनीहून आगबोटीने ते युरोपला जाई. केंटियाचे बी पामांमध्ये बऱ्यापैकी टिकाऊ असले, तरी दीड-दोन महिन्यांचा प्रवास आणि वाटेतली उष्णता यांत त्याचा मोठा वाटा मरे. जे पोहोचे तेही एकदम उगवत नसे. एकाच दिवशी पेरलेल्या वाफ्यात पहिले रोप सहा महिन्यांनी दिसे आणि शेवटचे दोन-तीन वर्षांनी. बेल्जियममधल्या गेंट आणि ब्रूज या शहरांनी हा धंदा हातात घेतला तो याच कारणाने. तिथल्या रोपवाटिकांकडे कोळशाने तापवलेली काचघरे होती आणि वर्षानुवर्षे वाफा राखण्याची तयारी होती. गेंटच्या ओस्वाल्ड द केर्खोव्ह याने १८७८ मध्ये पामांवर चित्रमय ग्रंथ काढला, यावरून त्या शहरात या झाडांचे काय स्थान होते ते समजते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या हॉटेलांची दालने, नाट्यगृहे आणि मध्यमवर्गीय घरे केंटियाने भरली.

एक रोगट तेजी यावी आणि जंगल ओरबाडले जावे, असा शेवट इथे सहज होऊ शकला असता. तो झाला नाही. बियांचे उत्पन्न रहिवाशांत वाटले जाई, गोळा करण्यावर नियंत्रण होते आणि झाड जिवंत ठेवण्यात प्रत्येक घराचा फायदा होता. दुर्मिळ वनस्पतीच्या व्यापाराची चांगली उदाहरणे फार थोडी आहेत. त्यांत लॉर्ड हाऊचे नाव आधी घ्यावे लागेल. संकट आले ते बाहेरून. जून १९१८ मध्ये मकॅम्बो नावाची आगबोट बेटाजवळ खडकावर चढली आणि तिच्यातले काळे उंदीर किनाऱ्यावर उतरले. काही वर्षांत बेटावरच्या पाच जातींचे पक्षी नामशेष झाले आणि पामचे बी झाडावरच कुरतडले जाऊ लागले. उंदरांच्या शेपट्यांवर बक्षीस लावले, घुबडे आणली, पण उंदीर राहिलेच. २०१९ मध्ये मोठी मोहीम काढून ते हटवण्यात आले.

दरम्यान व्यापाराचे रूप बदलले होते. १९८० च्या दशकापासून बेटावरच बी रुजवून कोवळी, मोकळ्या मुळांची रोपे बाहेर पाठवण्यावर भर आला. शंभर वर्षे युरोपच्या काचघरांत होणारे काम त्यामुळे झाडाच्या पायथ्याशी आले आणि वाटेत मरणाऱ्या बियांचा प्रश्न निकालात निघाला. बेट १९८२ पासून जागतिक वारसास्थळ आहे. केंटियाच्या दोन जाती एकाच बेटावर एकमेकींपासून कशा वेगळ्या झाल्या, यावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन उत्क्रांतीच्या अभ्यासात फार महत्त्वाचे मानले जाते. मातीच्या फरकामुळे त्यांचे फुलण्याचे दिवस वेगळे झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे.

भारतात विदेशी पाम आले ते प्रामुख्याने १७८७ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून. मुंबईत या झाडांचा अभ्यास पक्क्या पायावर उभा केला तो सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर याने. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१० पासून त्याची पामांवरची लेखमाला आली आणि १९२६ मध्ये ब्रिटिश भारत व श्रीलंकेतील पामांवरचे त्याचे पुस्तक निघाले. रानातल्या जातींबरोबर बागांत लावलेल्या जातींचीही त्यात दखल होती. कुंडीतले झाड नेमके कोणते, हे ताडून पाहण्यासाठी कित्येक दशके तोच आधार होता.

त्या काळापासून आजपर्यंत भारतीय बागांत सर्वांत जास्त पसरलेल्या दुर्मिळ पामचे नाव घ्यायचे तर ते बाटली पामचे. गंमत अशी की तो दुर्मिळ आहे हे लावणाऱ्याला बहुधा माहीत नसते. सोसायट्यांच्या फाटकाशी आणि कचेऱ्यांच्या अंगणात उभा असलेला, बुंध्याशी फुगलेला हा बुटका पाम मॉरिशसजवळच्या राऊंड आयलंडचा. (बॉटल पाम हे नाव आपल्याकडे उंच रॉयल पामलाही सर्रास दिले जाते. ती जात वेगळी, कॅरिबियन भागातली.) मूळ बेटावर सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी वर येणारे प्रत्येक रोप खाल्ले. म्हातारी झाडे मरत गेली आणि विसाव्या शतकात त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. १९८६ पर्यंत शेळ्या आणि ससे पूर्णपणे हटवल्यावरच तिथे नवी रोपे दिसू लागली. जगभरच्या बागांत ही जात टिकली, कारण तिचे बी सहज रुजते आणि लोकांनी ते एकमेकांना दिले. मात्र बागेतले बी परत बेटावर नेऊन टाकणे शहाणपणाचे नसते. बागांत जवळच्या जातींशी संकर होतो, आणि एखाद-दुसऱ्या झाडाच्या वंशात मूळ विविधता उरत नाही.

हौशी माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकाचे ताजे बी थेट घरी मिळणे शक्य झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, विमानाच्या टपालामुळे. फ्लोरिडातल्या डेटोना बीच येथे डेंट स्मिथ याने १९५६ मध्ये पाम सोसायटी स्थापन केली. त्याच वर्षी तिचे ‘प्रिन्सिपेस’ हे त्रैमासिक सुरू झाले. पुढे सोसायटीच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आला आणि १९९९ पासून नियतकालिकाचे नाव ‘पाम्स’ झाले. सोसायटीने बियांची पेढी चालवली : जगभरातले सभासद आपल्याकडचे ताजे बी पाठवत आणि ते इतरांना वाटले जाई. जहाजाला महिने लागत, विमानाला दिवस. त्यामुळे कोरड्या हवेत दोन आठवडेही न टिकणाऱ्या जाती पहिल्यांदाच कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि हवाईतल्या परसांत उगवल्या. या माणसांत शास्त्रज्ञ थोडे होते, बाकीचे डॉक्टर, शिक्षक, अभियंते. घरी रुजवण्याची आजची बहुतेक तंत्रे त्यांनी नियतकालिकातून एकमेकांना कळवलेल्या अनुभवांतून घडली आहेत.

ती तंत्रे थोडक्यात अशी. फळाचा गर पूर्ण काढायचा, कारण त्यात रुजण्याला अटकाव करणारी द्रव्ये असतात आणि बुरशीही तिथूनच सुरू होते. भेरली माडाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्याची फळे उघड्या हातांनी चोळणाऱ्याला भयंकर खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेत. स्वच्छ बी एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायचे आणि पाणी रोज बदलायचे. मग पिळून ओलसर केलेल्या कोकोपीटमध्ये किंवा स्फॅग्नम शेवाळात ते मिसळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे. पिशवीवर जातीचे नाव आणि तारीख लिहायची, आणि ती उबदार जागी ठेवायची. ही पिशवी म्हणजे वॉर्डच्या काचपेटीचेच स्वस्त रूप. ओल बाहेर जात नाही, पाणी घालावे लागत नाही आणि मूळ फुटलेले प्लास्टिकमधून दिसते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक जातींना ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते. थंड देशांत त्यासाठी फ्रीजचा वरचा भाग किंवा तापवलेली पेटी वापरतात. कोकणात आणि मुंबईत सावलीतला कोपरा पुरतो. तेलमाडासारख्या काही जाती साध्या उबेला दाद देत नाहीत. त्यांचे बी सुमारे ४० अंशांत अडीच-तीन महिने ठेवून मग भिजवले, तर ते एकदम उगवते.

मूळ दिसताच बी उंच, अरुंद कुंडीत हलवतात. इथून पुढे रोपे मरण्याचे सर्वांत मोठे कारण जास्त पाणी हे असते, आणि दुसरे घाईने दिलेले कडक ऊन. जंगलातले रोप पहिली काही वर्षे मोठ्या झाडांच्या गडद सावलीत काढते. त्याची पहिली पाने बिनचिरलेली, साधी असतात. मोठ्या झाडासारखी पिसाकृती किंवा पंख्यासारखी पाने यायला दोन ते पाच वर्षे लागतात. तोवर दोन जातींची रोपे ओळखू येत नाहीत, म्हणून पिशवीवरची ती चिठ्ठी बियांइतकीच मोलाची.

१९९५ मध्ये जॉन ड्रान्सफील्ड आणि हेंक बेंत्ये यांचा मादागास्करच्या पामांवरचा ग्रंथ आला. त्यातल्या डझनावारी नव्या जातींमुळे संग्राहकांत मागणी उसळली. लॉर्ड हाऊवर जे घडले नाही ते इथे घडले. व्होआनिओआला ही नारळाची दूरची नातलग जात १९८९ मध्ये शास्त्राला माहीत झाली. रानात तिची मोजकीच झाडे, आणि त्यांतली काही बियांसाठी चढण्याऐवजी तोडण्यात आली. घरी उगवलेल्या दहा रोपांसाठी एक मोठे झाड पाडले गेले असेल, तर त्या रोपांना संवर्धन म्हणता येत नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. संकटात असलेल्या अनेक जातींचे बी आता आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. दर्याच्या नारळाचा समावेश सेशेल्सने २०१० मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात करून घेतला. भारतात बी मागवताना वनस्पती संगरोधाचे नियमही पाळावे लागतात, आणि ते योग्यच आहेत : तांबड्या सोंडेचा भुंगा आजवर किती देशांत पामांच्या व्यापारातूनच पोहोचला, हे माड लावणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मादागास्करमध्येच वेगळी वाटही सापडली. वायव्य भागात २००६ मध्ये झाविए मेत्झ याला फुलोऱ्यावर आलेला एक अवाढव्य, अनोळखी पंखा-पाम दिसला. २००८ मध्ये ताहिना स्पेक्टॅबिलिस म्हणून त्याचे वर्णन झाले. तो आयुष्यात एकदाच फुलतो, बी देतो आणि मरतो. माहीत असलेली मोठी झाडे शंभराच्या घरात होती. बी गुपचूप नेले जाण्याआधीच गावकऱ्यांनी ते गोळा करून जाहीरपणे विकावे आणि पैसा गावाच्या कामी यावा, अशी व्यवस्था करण्यात आली. काही बी वनस्पती उद्यानांना गेले, बाकीचे जगभरच्या हौशी लोकांना. दोन-तीन वर्षांतच या जातीची रोपे रानातल्या एकूण झाडांपेक्षा कितीतरी जास्त झाली, आणि पैशासाठी चोरून बी तोडायचे कारण उरले नाही.

वाळूनही जगणाऱ्या बियांचा अपवाद एकच सांगण्याजोगा आहे : खजूर. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावर १९६० च्या दशकात उत्खननात मिळालेले, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे एक बी २००५ मध्ये इस्राएलमध्ये रुजले. अशाच जुन्या बियांपासून पुढे आणखी रोपे झाली, आणि त्यांतल्या एका मादी झाडाला २०२० मध्ये फळे आली. वाळवंटी जातीला जे जमते ते पावसाळी जंगलातल्या जातींना जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आता गर्भ बियांतून काढून प्रयोगशाळेत वाढवण्याचा किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवण्याचा मार्ग धरला जातो.

तो मार्गही नेहमी पोहोचतोच असे नाही. मॉरिशसमध्ये, जिथे कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या राहतात, क्युरपीप शहराच्या बागेत बाटली पामची एक बहीण-जात उभी आहे. तिचे हे जगातले एकमेव झाड. त्याची नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेळी उमलतात, त्यामुळे फळ क्वचित धरते, आणि धरलेले बी मातीत रुजलेले नाही. गर्भ काढून काचनळीत रोपे तयार करण्यात यश आले, पण मातीत लावल्यावर ती मेली. झाडाभोवती मचाण बांधलेले आहे. त्यावरून फुलोऱ्यापर्यंत पोहोचता येते, आणि हाताने परागीकरणाचे प्रयत्न करता येतात.